सूचना लागली, पण मुदत संपल्यावर!

महोदय,
बंगळुरू, नवी दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन महिने संशोधनासाठी प्रयोगशाळांत पाठवतात, तेही विद्यावेतन देऊन. अर्ज मात्र साधारण आदल्या नोव्हेंबरातच भरायचे असतात. माझ्या मुलीच्या कॉलेजात ही सूचना फळ्यावर लागली जानेवारीत, तीही स्नेहसंमेलनाच्या पत्रकाखाली अर्धी झाकलेली! अशा संशोधनात, उदाहरणार्थ पेशींच्या हालचालींचं गणित मांडायचं तर, जीवशास्त्राच्या जोडीला भौतिकशास्त्र आणि संगणकाची गोडी असलेली मुलं लागतात. ती तालुक्याच्या कॉलेजांतही आहेत. अर्जासोबत शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, म्हणून प्राध्यापकांनी दिवाळीच्या सुट्टीआधीच वर्गात सांगावं. आणि विद्यापीठांनी परीक्षा जूनपर्यंत रेंगाळत ठेवू नयेत. निवड होऊनही मग जाता येत नाही.

– एक पालक, सांगली