नऊचे सहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुणाला किती दुखेल याचा अंदाज जनुकं आणि मशीन लर्निंग (नोंदींवरून स्वतः नियम शिकणारं संगणकाचं तंत्र) यांच्या मदतीने बांधण्याच्या प्रयत्नांवरचा लेख आपल्या विज्ञान पुरवणीत वाचला. मी तीस वर्षं शस्त्रक्रियेच्या वॉर्डात परिचारिका होते. हे संशोधन व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि एका गोष्टीची धास्तीही वाटते.

हर्नियाचं ऑपरेशन झालेले दोन रुग्ण शेजारशेजारच्या खाटांवर होते. जखम तेवढीच, दोघांनाही ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक. रात्रपाळीत विचारलं, "शून्य ते दहात किती दुखतंय?" एक म्हणाला, तीन. दुसरा चादरीचं टोक मुठीत आवळून म्हणाला, नऊ. "थोडं सोसा हो," म्हणत मी कागदावर सहा लिहिले. एवढ्याशा ऑपरेशनला नऊ कसं असेल, असं तेव्हा खरंच वाटलं होतं.

असू शकतं, हे पुढे वाचनातून कळलं. ट्रॅमाडॉलचं यकृतात रूपांतर होतं तेव्हा त्याचा गुण नीट येतो. ते घडवणारं विकर (एन्झाइम) काही जणांत जन्मतःच निकामी असतं. वेदना जाणवण्याचंही तसंच. एससीएन९ए या जनुकातल्या बिघाडामुळे वेदनाच न जाणवणाऱ्या उत्तर पाकिस्तानातल्या कुटुंबांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलामुळे हा शोध सुरू झाला, तो रस्त्यावर खेळ करून दाखवताना दंडात सुरी खुपसायचा, निखाऱ्यांवर चालायचा. कोवळ्या वयातच छतावरून उडी मारून तो गेला.

एका जनुकावर सगळं ठरावं, हे दुर्मीळच. बाकीच्यांत अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा, शिवाय झोप, भीती, जुनी दुखणी. २००८ च्या जुळ्यांवरच्या एका नॉर्वेजियन अभ्यासात, बर्फगार पाण्यात हात धरल्यावरच्या वेदनेत माणसामाणसांत जो फरक दिसला, त्यातला सुमारे ६० टक्के आनुवंशिक निघाला. उष्णतेच्या बाबतीत २६ टक्केच. म्हणजे हा सोशीक, तो हळवा, ही स्वभावावरून केलेली आमची वॉर्डातली वाटणीच चुकीची होती. कोणते बारीक बदल एकत्र आले की फरक पडतो, हे हुडकायला यंत्र हवंच.

पण माणसं काहीशे आणि जनुकीय खुणा लाखो असल्या की यंत्राला योगायोगही नियम वाटू लागतो. निष्कर्ष नव्या माणसांवर तपासायलाच हवा. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्य-माहितीच्या साठ्यात पाच लाख लोकांची माहिती आहे, ती बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांची. त्यावर शिकलेलं इतरांना तितकंसं लागू पडत नाही. आणि खरी धास्ती माझ्या त्या सहाची. रक्तातून केलेली जनुकांची तपासणी कितीही अचूक असो, यंत्र 'वेदना' म्हणून शिकतं तो कुणीतरी लिहिलेला आकडा असतो. नऊचे सहा झालेले असे किती कागद असतील!

म्हणून संशोधकांना विनंती, रुग्णाने सांगितलेला आकडा आणि कर्मचाऱ्याचा अंदाज यांचे रकाने वेगळे ठेवा. आणि अहवालात 'वेदना कमी जाणवते' असं आलं म्हणून कुणाचं वेदनाशामक रोखता येणार नाही, हा नियम ही तपासणी वॉर्डात येण्याआधी व्हायला हवा.

त्या रात्री त्या माणसाने तीनदा घंटी वाजवली. तिसऱ्यांदा वाजल्यावर मी डॉक्टरांना उठवलं.

– एक निवृत्त परिचारिका