वाण नाही, पण गुण लागला

महोदय,

गेल्या आठवड्यात आमच्या पेठेतल्या औषधांच्या एका दुकानात माझ्यापुढच्या मुलाने "सेफिक्झिमच्या चार द्या" म्हटले. दुकानदाराने लाल रेघेची पट्टी काढली, कात्रीने चार गोळ्या कापल्या आणि दिल्या. चिठ्ठी मागितली नाही, वहीत काही लिहिले नाही. हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) शेड्यूल एच-१ मधले, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या सरकारी यादीतले आहे. डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि गोळ्यांची संख्या लिहून ती नोंद तीन वर्षे जपणे १ मार्च २०१४ पासून बंधनकारक आहे.

मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे. अर्धवट गोळ्या घेतल्या की जंतू औषधाला दाद देईनासे होतात, एवढे आता घरोघरी ठाऊक आहे. पण जंतू हे कसब आपल्यापुरते ठेवत नाहीत, ते शेजाऱ्याला देतात. पदवीच्या वर्गात आम्ही ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचे दोन प्रकार घ्यायचो. एकाला अँपिसिलिन मारू शकत नसे, दुसऱ्याला स्ट्रेप्टोमायसिन. दोन्ही औषधे घातलेल्या प्लेटवर दोघांपैकी एकही वाढत नसे. मग दोघांना काही वेळ एका नळीत ठेवून तसल्याच प्लेटवर पसरायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर उघडला की प्लेटवर जंतूंच्या वाढीचे मोहरीएवढे पांढुरके ठिपके! पहिल्याने अँपिसिलिनला न जुमानण्याचा गुण असलेले डीएनएचे एक छोटे कडे, म्हणजे प्लास्मिड, दुसऱ्याच्या पेशीत पोचवलेले असे, आणि स्वतःजवळही त्याची प्रत राखलेली असे. ती प्लेट हातात घेतली की वर्गातली बडबड थांबायची.

जातीचे बंधनही यांना नाही. आमांशाचा जंतू 'शिगेला' एकाच वेळी अनेक औषधांना न जुमानण्याचा गुण पोटातल्या साध्या ई. कोलायला देतो, हे जपानी संशोधकांनी १९५९ सालीच दाखवले. ढवळ्याशेजारी बांधलेल्या पवळ्याची म्हण इथे अक्षरशः लागू पडते.

म्हणून त्या चार गोळ्या त्या मुलापुरत्या राहत नाहीत. त्याच्या पोटात तगलेले जंतू संडासावाटे गटारात जातात, तिथे घराघरांतले आणि रुग्णालयांतले जंतू एकत्र येतात आणि प्रक्रिया न झालेले मैलापाणी मुठा नदीत उतरते. मुठेच्या गाळावरचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. कार्बापेनेम आणि कोलिस्टिन या अतिदक्षता विभागातल्या अखेरच्या औषधांना निकामी करणारी जनुके त्या गाळात सापडली. शहराच्या वरच्या अंगाला अशी जनुके कितीतरी कमी होती. ज्याने आयुष्यात एकही जादा गोळी घेतली नाही, त्यालाही हे भोवणार आहे.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही पेनिसिलिन बनवणारी सरकारी कंपनी उभी राहिली. पुढे माझा धाकटा भाऊ न्यूमोनियातून पेनिसिलिनच्या इंजेक्शनांनी उठला. आईने त्याची रिकामी कुपी कितीतरी वर्षे देवघरात ठेवली होती.

अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकांनी पेठांमधल्या दुकानांत जाऊन एच-१ च्या वह्या उघडून पाहाव्यात. आणि नदीकाठ सजवण्याआधी मुठेत मैलापाणी सोडणारा प्रत्येक नाला महापालिकेने शुद्धीकरण केंद्राकडे वळवावा.

– एक निवृत्त प्राध्यापिका, पुणे