तासांचा तक्ता आणि आपली वर्णमाला

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परदेशी भाषांवरच्या लेखांत एक तक्ता हमखास छापला जातो: डच सोपी, सुमारे 600 तास, लाओ (लाओस देशाची भाषा) अवघड, 1100 तास. आकडे खरे आहेत. मात्र ते अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचे आहेत आणि इंग्रजीत वाढलेल्या अधिकाऱ्याला वर्गात किती काळ बसावे लागते, एवढेच सांगतात. मराठी विद्यार्थ्याने ते जसेच्या तसे उचलले की दोन्ही भाषांचा अंदाज चुकतो. घोष-अघोष (उच्चारताना कंठ थरथरतो की नाही) हा भेद आपण शाळेत शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. या दोन्ही भाषांत नेमका तोच उपयोगी पडतो.

आधी डच. भूतकाळी प्रत्यय ‘ते’ लावायचा की ‘दे’, इथे नवशिके अडखळतात. क्रियापदाचा शेवटचा ‘एन’ काढून उरलेल्या व्यंजनाकडे पाहायचे. ते अघोष असेल तर ‘ते’, नाहीतर ‘दे’. ‘वेर्केन’ म्हणजे काम करणे, म्हणून ‘वेर्क्ते’; ‘स्पेलेन’ म्हणजे खेळणे, म्हणून ‘स्पेल्दे’. डच शाळांत यासाठी ‘त कोफस्खिप’ हे एका जुन्या जहाजप्रकाराचे नाव पाठ करून घेतात, कारण त्यातली व्यंजने म्हणजेच अघोषांची यादी. आपण नुसते कंठावर बोट ठेवले तरी भागते. घोळ होतो तो ‘लेवेन’ (जगणे) आणि ‘रेइझेन’ (प्रवास करणे) यांसारख्या शब्दांत. डच लेखनात धातूच्या अखेरचा व फ होतो आणि झ स होतो. मग ‘लेफ’ आणि ‘रेइस’ डोळ्यांसमोर आले की विद्यार्थी बेधडक ‘ते’ लावतो. बरोबर रूपे ‘लेफ्दे’ आणि ‘रेइस्दे’, कारण मूळ व्यंजन घोष आहे.

शब्दाच्या शेवटी मात्र डचमध्ये ब, ड, झ यांसारखे घोष टिकतच नाहीत. कुत्र्याला ‘होन्ड’ लिहितात आणि ‘होन्त’ म्हणतात. अनेकवचनात ‘होन्डेन’ झाले की ड परत येतो. ‘गड’ आणि ‘गट’ चोख वेगळे म्हणणारी आपली जीभ इथे लिहिल्याबरहुकूम बोलते आणि लगेच परकी वाटते.

याउलट जिथे इंग्रज घाम गाळतो तिथे आपण निवांत असतो. ‘ओमदात इक मॉर्खेन नार उत्रेख्त खा’ म्हणजे ‘कारण मी उद्या उत्रेख्तला जातो’. गौण वाक्यात क्रियापद शेवटी, आपल्यासारखेच. अडचण उलट मुख्य वाक्यात येते. तिथे क्रियापद दुसऱ्या जागी हवे: ‘मॉर्खेन खा इक नार उत्रेख्त’. बोलीतले ‘उद्या जातो मी उत्रेख्तला’ आठवले की क्रम जुळतो. एकवीसला डच ‘एक आणि वीस’ म्हणतात. एकक आधी ऐकायची आपल्याला सवयच आहे. लिंगाचे म्हणाल तर नामाआधीचे उपपद (इंग्रजी ‘द’सारखे) ‘दे’ की ‘हेत’ हे नामासोबतच पाठ करावे लागते. मात्र लघुत्वाचा प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगी झालाच. मुलीसाठीचा ‘मेइश्ये’ हा शब्दही ‘हेत’ घेतो. ‘ते पोरगं’ म्हणणाऱ्यांना यात नवल नाही.

आता लाओ. (डच आणि लाओ ही जोडी वाटते तितकी ओढूनताणून आणलेली नाही. 1641 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापारी खेरिट फान वाउस्टॉफ मेकाँग नदीतून व्हिएनतियानला, म्हणजे लाओसच्या आजच्या राजधानीत, पोचला होता.) लाओ लिपी ख्मेर (कंबोडियाची लिपी) मार्गे ब्राह्मीच्याच कुळातली आहे, त्यामुळे अक्षरांचा क्रम ओळखीचा वाटतो: को, खो, खो, ङो. यात दोन ख कशाला? पहिला मूळचा ख, दुसरा मूळचा ग. फार पूर्वी ग, द, ब हे घोष स्पर्श ख, थ, फ असे महाप्राण झाले आणि जुना फरक आता फक्त सुरात, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणाऱ्या आवाजाच्या चढउतारात, उरला. म्हणून गुरु झाला ‘खू’, नगर झाले ‘नाखोन’, भाषा झाली ‘फासा’. जातीची ‘सात’ झाली, आणि तिचा तिथला अर्थ राष्ट्र.

लाओ व्यंजनांचे उच्च, मध्यम, निम्न असे तीन वर्ग असतात. अक्षराचा वर्ग, वरचे चिन्ह आणि अवयवाचा (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दांशाचा) शेवट यांवरून सूर ठरतो. परदेशी विद्यार्थी हे वर्ग घोकतात. वर्णमाला येत असेल तर बरेचसे आपोआप कळतात: क, च, त, प मध्यम; ख, थ, फ उच्च; मूळचे ग, ज, द, ब आणि सगळी अनुनासिके निम्न. वहीत त्या दुसऱ्या ख खाली सरळ ग लिहावा. लाओत ग हा उच्चारच नाही, म्हणून गोंधळ होत नाही. हीच युक्ती ब आणि द यांना लावू नका. लाओत खरेखुरे ब आणि द आहेत आणि ते मध्यम वर्गात बसतात.

‘मा’ हा अवयव घ्या. नुसता म निम्न वर्गातला, अर्थ ‘येणे’. त्याच्या आधी न उच्चारायचा ह जोडला की म उच्च वर्गात जातो आणि अर्थ होतो कुत्रा. ह काढून वर ‘माय थो’ हे चिन्ह ठेवले की घोडा. देवनागरीत तिन्ही ‘मा’ असेच लिहिले तर भाषा शिकणे तिथेच संपले.

शब्दान्ताला लाओही डचसारखीच कंजूष आहे. तिथे क, त, प, अनुनासिके आणि य-व एवढेच चालतात. र आणि ल यांचा न होतो, तर श, स, द यांचा त. प्रदेश ‘पथेत’ झाला, आहार ‘आहान’, आचार्य ‘आचान’. त्या अखेरच्या ‘त’ला जीभ टेकते पण हवा सुटत नाही; आपण ती सोडतो आणि ऐकणाऱ्याला एक अवयव जास्त ऐकू येतो.

व्याकरण मात्र हलके आहे. लिंग नाही, वचन नाही, क्रियापद बदलत नाही. मोजताना आकड्यामागे एक मोजशब्द लागतो: ‘मा सोंग तो’, म्हणजे कुत्रा-दोन-अंग. माणसांना ‘खोन’, वाहनांना ‘खान’, फळांना ‘नुआय’. ‘चार जण’ म्हणणाऱ्याला हे पचते. मोठ्या भावासाठी ‘आय’, बहिणीसाठी ‘उअय’ ही संबोधने अनोळखी माणसालाही चालतात, आपल्या दादा-ताईसारखी. खरी मेहनत सुरांचीच, आणि मराठी माणूस फसतो तो प्रश्नात. प्रश्न विचारताना आपण शेवटचा शब्द उंचावतो. लाओत तसे केले की सूर बदलतो आणि शब्दही बिघडू शकतो. ‘जवळ’, ‘दूर’ आणि ‘कोंबडी’ हे तिन्ही ‘काय’च आहेत, फरक सुराचा. प्रश्नासाठी शेवटी ‘बो’ लावला की पुरते. आवाज चढवायची गरज नाही.

तेव्हा तो तक्ता पुन्हा छापाल तेव्हा खाली ‘हे तास इंग्रजी भाषकांसाठी’ एवढी एक ओळ द्यावी, आणि लाओ शब्द देवनागरीत देताना सुराची खूण गाळू नये, ही विनंती.

– दोन भाषाशिक्षक, पुणे