पडताळणीच्या टेबलावरून अर्ज वाचायला शिकवणाऱ्या भाऊसाहेबांना

आदरणीय भाऊसाहेब,
सादर नमस्कार.

२०२३ सालच्या जिल्हा परिषद भरतीतून मी कनिष्ठ सहायक म्हणून रुजू झाले, तेव्हा पेढे आपण अभ्यासिकेतल्या मुलांना वाटायला लावलेत आणि माझे आभार ऐकून घेण्याचे टाळलेत. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. त्यात माझा थोडा स्वार्थही आहे, कारण अर्ज कसा भरावा याबद्दल आपण जे शिकवलेत ते आपल्या तालुक्याबाहेरच्या उमेदवारांच्याही हाती पडावे, असे मला वाटते.

आपली सारी नोकरी आस्थापना विभागात गेली, आणि निवड यादी लागल्यावर कागदपत्रे तपासणाऱ्या टेबलावर आपण अनेक भरत्या पाहिल्या. आम्ही उमेदवार अर्ज भरताना फार तर परीक्षेपर्यंतचा विचार करीत होतो; आपण त्याच्या पलीकडचा, म्हणजे पडताळणीच्या दिवसाचा विचार करायला लावलात. प्रत्येक रकान्याला आपला प्रश्न एकच असे : याच्या मागे कागद कोणता आणि त्यावर तारीख कोणती?

तारखेचा आपला आग्रह आम्हाला सुरुवातीला अतिरेकी वाटे. पदवीच्या रकान्यात दीक्षान्त समारंभाची तारीख लिहू पाहणाऱ्या मुलाला थांबवून आपण त्याच्या गुणपत्रिकेवरील निकालाचा दिनांक शोधून दिलात आणि जाहिरातीत अर्हता कोणत्या दिवसापर्यंत धारण केलेली असावी असे म्हटले आहे, ते त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतलेत. नॉन क्रिमी लेयर प्रमाणपत्राचेही तसेच. ‘आहे’ असे उत्तर आपल्याला कधीच पुरले नाही. ते कोणत्या वर्षांच्या उत्पन्नावर दिलेले आहे, कधीपर्यंत वैध आहे, आणि भरती रेल्वेची किंवा टपाल खात्याची असेल तर इतर मागास प्रवर्गाचे प्रमाणपत्र केंद्र शासनाच्या नमुन्यातले आहे का, हे सारे पाहिल्यावरच आपण पुढच्या रकान्याकडे वळू देत होतात.

माझ्यासारख्या विवाहित उमेदवारांच्या बाबतीत नाव हाच मोठा प्रश्न असतो. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे आडनाव, तेही आधी. आधार कार्डावर सासरचे, ते शेवटी. अर्जात दहावीप्रमाणे नाव लिहून बदललेले नाव त्यासाठी असलेल्या रकान्यात स्वतंत्रपणे द्यावे, आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत अर्ज भरण्याआधीच हाती असावी, हे आपण सांगितलेत. लहान कुटुंबाच्या, म्हणजे दोनपेक्षा जास्त मुले नसल्याच्या, प्रतिज्ञापत्रात २८ मार्च २००६ या दिनांकाला काय महत्त्व आहे, हेही त्याच वेळी समजावलेत.

सर्वांत मोलाची शिकवण मात्र समांतर आरक्षणाची, म्हणजे महिला, प्रकल्पग्रस्त अशा गटांसाठी प्रवर्गांच्या आत राखलेल्या जागांची. धरणात जमीन गेलेल्या घरातला एक मुलगा प्रकल्पग्रस्त असल्याचे अर्जात लिहायला संकोचत होता. गुण चांगले पडले तर लागणारही नाही, असे त्याचे म्हणणे होते. अर्जात न केलेला दावा नंतर कोणीही मान्य करीत नाही आणि केलेला दावा कागदाशिवाय टिकत नाही, हे आपण त्याला दोन्ही बाजूंनी पटवलेत, आणि प्रमाणपत्रासाठी जिल्हा पुनर्वसन कार्यालयाकडे धाडलेत. नियमाने मिळणारी गोष्ट मागताना मान खाली घालू नये, हे आपले तेव्हाचे शब्द. त्या मुलाइतकाच मलाही त्यांचा उपयोग झाला, कारण महिला आरक्षणाच्या रकान्याशी माझाही हात अडखळत होता.

छायाचित्र, काळ्या शाईची सही, डाव्या अंगठ्याचा ठसा, स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहायचे घोषणापत्र आणि त्या प्रत्येकाचे केबीतले माप, हे सर्व सूचनांत छापलेलेच असते. ते वाचायला लावण्यापलीकडे आपण त्यावर वेळ दवडला नाहीत, ते योग्यच होते. मोबाइल क्रमांक आणि ई-मेल यांविषयी मात्र आपण रागावत असत. अर्ज भरून देणारी काही केंद्रे सोयीसाठी स्वतःचाच ई-मेल टाकतात, मग प्रवेशपत्राची सूचना उमेदवाराला मिळतच नाही. शहरातल्या मुलांना हे खरे वाटणार नाही, पण गावाकडे हे सर्रास चालते.

आणखी एका गोष्टीबद्दल कृतज्ञता व्यक्त करायची आहे, जिची फारशी चर्चा होत नाही. आपण अर्ज न भरण्याचाही सल्ला देत होतात. २०२३ च्या तलाठी आणि जिल्हा परिषद भरतीत खुल्या प्रवर्गासाठी १००० रुपये आणि मागास प्रवर्गासाठी ९०० रुपये शुल्क होते. शेतमजुरी करणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही. टंकलेखनाचे प्रमाणपत्र अजून हाती नसताना ‘भरून तर ठेवू’ म्हणणाऱ्यांना आपण परत पाठवलेत आणि ते पैसे टंकलेखनाच्या परीक्षेसाठी वापरायला सांगितलेत. त्या वेळी काही जण नाराज झाले होते. मला मात्र तो सल्ला आपल्या मदतीतला सर्वांत जबाबदार भाग वाटतो.

पुढची जाहिरात निघाली की अभ्यासिकेत पुन्हा गर्दी होईल. रविवारी मला सुट्टी असते. आपली हरकत नसेल, तर नावे आणि तारखा ताडून पाहण्याचे काम माझ्याकडे द्यावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
अभ्यासिकेतील एक माजी विद्यार्थिनी