सावर मॅश म्हणजे विरजण नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या व्हिस्की डिस्टिलऱ्यांच्या सहलीवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. तिथल्या केंटकी राज्याचं वर्णन छान आहे. पण ‘सावर मॅश म्हणजे आपल्या दह्याचं विरजणच’ हे विधान चूक आहे. सावर मॅश म्हणजे आधीच्या घाण्यातला उरलेला आंबट द्रव नव्या घाण्यात घालून व्हिस्की बनवण्याची पद्धत. निपाणी, चिकोडी, अथणी भागात साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत राबणारी माणसं गावोगावी आहेत. निदान त्यांच्यापुढे तरी हे असं जाऊ नये.

विरजणात जिवाणू जिवंत असतात. सावर मॅशमध्ये घालतात तो द्रव ऊर्ध्वपातनाच्या स्तंभातून उकळून आलेला असतो, त्यातलं यीस्ट मेलेलं असतं. मळीच्या वॉशमधून, म्हणजे आंबवलेल्या द्रवातून, मद्यार्क काढल्यावर खाली स्पेंटवॉश उरतो ना, तसाच हा धान्याचा स्पेंटवॉश, चोथा गाळून घेतलेला. नव्या घाण्यात तो साधारण पाव हिस्सा जातो आणि यीस्ट ताजंच घालावं लागतं. हवा असतो तो फक्त त्याचा आंबटपणा. केंटकीचं पाणी चुनखडीतून झिरपतं. त्यात लोह नसतं ही जमेची बाजू, कारण लोहानं व्हिस्की काळवंडते. पण ते पाणी अल्कधर्मी असतं. आंबट द्रवानं पीएच पाचाच्या आसपास उतरतो, यीस्ट जोमानं काम करतं आणि लॅक्टिक जिवाणूंना आवर बसतो. द्रव कमी पडला तर साखर जिवाणूच फस्त करतात, मद्यार्क घटतो. जास्त झाला तर यीस्टच मंदावतं आणि आंबवण रेंगाळतं.

ही पद्धत केंटकीतले डिस्टिलर जेम्स क्रो यांनी ‘शोधली’ हे लेखातलं विधानही बरोबर नाही. केंटकीतल्याच कॅथरिन कार्पेंटर यांची सावर मॅशची कृती 1818 ची आहे. क्रो यांनी मोजमाप आणून तिला शिस्त लावली, आणि ते श्रेय थोडं नाही.

बर्बन ही मक्याची अमेरिकन व्हिस्की फक्त केंटकीतच बनते, हाही गैरसमज. अमेरिकेत कुठंही चालतं. मुख्य अटी म्हणजे किमान 51 टक्के मका आणि आतून जाळलेलं नवं ओकचं पिंप. पिंपात भरताना मद्यार्काचं प्रमाण 62.5 टक्क्यांहून जास्त नको. ‘स्ट्रेट’ म्हणजे किमान 2 वर्षं मुरलेली. ‘बॉटल्ड इन बाँड’ हा शिक्का 1897 च्या कायद्याचा: एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामाची, किमान 4 वर्षांची आणि बरोबर 50 टक्के मद्यार्काची.

लेखातली ‘100 प्रूफ’ वाचून आपल्या बाटलीशी तुलना करणाऱ्यांसाठी (प्रूफ म्हणजे मद्यार्काच्या तीव्रतेचं माप): आपल्याकडे 42.8 टक्क्यांना 75 प्रूफ छापतात, ते जुन्या ब्रिटिश मापानं. अमेरिकन प्रूफ म्हणजे टक्क्यांची सरळ दुप्पट. तीच बाटली तिकडे 85.6 प्रूफ ठरते.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्यांनी सहलीत चव घेताना कमी प्रूफपासून सुरुवात करावी, बर्फ टाळावा आणि ओठ किंचित उघडे ठेवून वास घ्यावा. नाक झोंबलं तर चार थेंब पाणी पुरे. चव मात्र 21 वर्षांखालच्यांना देत नाहीत. आंबवणीच्या टाकीत डोकं घालून वास घेण्याचा मोह आवरावा. फेसावर कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो; इथल्या डिस्टिलरी कामगारांना त्याचा धोका सांगायला नको. हातानं वारा घालून वास नाकाशी आणावा, उकडलेल्या मक्याचा आंबूस वास तेवढ्यानंही पुरेसा कळतो.

आपला,
एक वाचक, चिकोडी (जि. बेळगाव)