क्लिप पुरे, अख्खे एपिसोड दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हल्ली मोबाईलवर मोठ्या गायकांचे टीव्हीवरचे अगदी सुरुवातीचे व्हिडीओ फार फिरतायत, कधी श्रेया घोषाल, कधी सुनिधी चौहान, कधी अरिजित सिंग, वर मोठ्या अक्षरांत 'ओळखा पाहू कोण' आणि खाली लाईक्सचा पाऊस. मी ते आवडीने उघडते आणि दर वेळी हिरमुसते, कारण मुखडा संपतो न संपतो तोच क्लिप संपते. अंतरा नाही, परीक्षक काय म्हणाले ते नाही, मागे वाजवणारे कोण ते तर कुणीच सांगत नाही. नुसतं बघा किती लहान दिसते, किती बदलली, एवढंच. अहो पण ती गात काय होती ते ऐकवा ना!

श्रेयाचंच घ्या. झी टीव्हीवर 'सारेगम' १९९५ ला सुरू झालं, सोनू निगम सूत्रसंचालन करायचा आणि परीक्षकांच्या खुर्चीत नौशाद, खय्याम, कल्याणजी असे मोठे संगीतकार बसायचे. श्रेया तिथे मुलांच्या स्पेशल भागात जिंकली ते सगळ्यांना माहीत असतं, पण त्या वेळी परीक्षक असलेल्या कल्याणजींनी तिच्या आईवडिलांना मुंबईला या म्हणून गळ घातली आणि पुढे दीडेक वर्ष तिला स्वतः शिकवलं, हे क्लिपमध्ये कुठे येतं? राजस्थानातल्या रावतभाट्यात वाढलेली मुलगी, तिच्यासाठी घरच्यांनी सगळं बिऱ्हाड हलवलं. नंतर ती मोठ्यांच्या स्पर्धेतही गायली आणि तेव्हा संजय लीला भन्साळींच्या आईंनी तिला टीव्हीवर ऐकलं, मुलाला हाक मारून बोलावलं, बघ ही कशी गाते ते. त्यातून 'देवदास' मिळाला. एका आईने गाणं पूर्ण ऐकलं म्हणून हे घडलं असं मला तरी वाटतं, तीस सेकंद ऐकून कुणी मुलाला हाक मारत नाही.

आणि त्यातल्या 'बैरी पिया' गाण्याची गोष्ट तर मला कितीही वेळा ऐकायला आवडते. सोळा वर्षांची पोर, बारावीची परीक्षा तोंडावर म्हणून पुस्तकं घेऊनच स्टुडिओत जायची, तिला सांगितलं एकदा रिहर्सल करून घे, तिने डोळे मिटले आणि न थांबता गाणं गाऊन टाकलं, डोळे उघडले तर बाहेर एकच जल्लोष, कारण त्यांनी तेच रेकॉर्ड करून घेतलं होतं. त्या गाण्याला नॅशनल अवॉर्ड मिळालं. लोक याला चमत्कार म्हणतात, मला ते पटत नाही. ज्या मुलीने कॅमेऱ्यासमोर, मोठमोठ्या संगीतकारांच्या नजरेखाली गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत निभावलंय तिला एका दमात गाणं जमणारच. जुन्या एपिसोडमध्ये अशी मुलं नीट निरखून बघा. म्युझिक पीस चालू असताना एक हात मांडीवर ताल धरतोय, नजर तबलेवाल्याकडे, अंतरा कुठे उचलायचा ते मनातल्या मनात मोजणं चाललंय, आणि समेवर नीट आलं की मगच खांदे सैल पडतात. ही सगळी तालीम आहे आणि नेमकी तीच एडिट करताना कापली जाते.

सुनिधी १९९६ ला दूरदर्शनच्या 'मेरी आवाज सुनो'त जिंकली तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. तिला सगळ्यांनी ओळखलं ते १९९९ च्या 'मस्त' सिनेमामुळे, मधली वर्षं कुणाच्या लक्षातही नाहीत. आपली बेला शेंडे शाळा-कॉलेजच्या वयात हिंदी 'सारेगम' गाजवून आली, पण 'नटरंग'मधली 'अप्सरा आली' नि 'वाजले की बारा' घराघरात वाजली २०१० मध्ये. म्हणजे टीव्हीवरचा तो दिवस आणि नाव होणं यात कधी तीन वर्षं जातात, कधी दहाच्याही वर, आणि त्या मधल्या काळात रियाज चालू ठेवणं हे खरं काम.

अरिजितचं उदाहरण तर लहान मुलांच्या आईवडिलांना मुद्दाम सांगावं असं आहे. २००५ ला सोनीवरच्या 'फेम गुरुकुल'मध्ये तो अठरा वर्षांचा होता, लोकांच्या व्होटिंगमध्ये मागे पडला आणि फायनलच्या आधीच बाहेर गेला. 'तुम ही हो' आलं २०१३ ला. मधली आठ वर्षं तो मुंबईत संगीतकारांकडे म्युझिक प्रोग्रॅमिंग वगैरे करत शिकत राहिला. हल्ली एखादं पोरगं रिअ‍ॅलिटी शोमधून बाहेर पडलं की स्टेजवर रडारड, घरी सुतक, नातेवाईकांचे फोन, जसं काही गाणंच संपलं. अशा घरांत अरिजितचे ते जुने भाग पूर्ण लावून बघायला हवेत, त्याचा आवाज तेव्हाही चांगलाच होता, एसेमेस कमी पडले एवढंच.

म्हणून माझी चॅनलवाल्यांना कळकळीची विनंती आहे की तुमच्याकडे टेप असतील तर पूर्ण भाग बाहेर काढा, परीक्षकांच्या बोलण्यासकट, चुकलेल्या जागांसकट. दूरदर्शन जुन्या खजिन्यातलं काही ना काही यूट्यूबवर टाकत असतं, त्यात हे भागही यावेत. नव्याने शिकणाऱ्या मुलांना खय्यामसाहेब एखाद्या पोराला शब्द कसा टाकायचा ते सांगतायत असं पंधरा मिनिटं बघायला मिळालं तर त्याचा किती उपयोग होईल. आणि भाग टाकताना तबला, ढोलक, कीबोर्ड, बासरी कोणी वाजवली ती नावंही खाली लिहा, त्या वादकांनी लय सांभाळून घेतली म्हणून ही पोरं उभी राहिली, आणि त्यांची नावं आज विचारून घेतली नाहीत तर पुढे सांगणारंही कुणी उरणार नाही.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अशा वादकांच्या मुलाखती छापता आल्या तर जरूर छापा, आमच्याकडे त्या सगळ्यात आधी वाचल्या जातील.

आपली,
एक नियमित वाचक