कारगिल दिनाला आधी नावं वाचा, भाषणं नंतर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

२६ जुलै जवळ आला, आता आमच्या भागात परत कारगिल विजय दिनाचे कार्यक्रम सुरू होतील म्हणून आधीच लिहायलोय. बेळगाव म्हणजे पलटणीचं गाव. मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र, म्हणजे मराठा सेंटर, इथंच, आणि खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याही रस्त्याला पहाटे जावा, भरतीसाठी पळणारी पोरं दिसतातच. पण आपल्याच गावातला कोण जवान कुठल्या साली, कुठं कामी आला हे त्याच पोरांना विचारून बघा की, बऱ्याच जणांना सांगता येत नाही. पोरांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

मागे एका कार्यक्रमाला गेलो होतो, पाहुणे उशिरा आले, तोवर वीरपत्नी मावशी खुर्चीत बसून, मग स्वागत, हार, भाषणं, भाषणात कारगिल कमी आणि बाकीचंच जास्त, शेवटी मावशींना शाल दिली, फोटो काढला आणि झालं. त्यांच्या नवऱ्याचं पूर्ण नावसुद्धा माईकवर कुणी घेतलं नाही, पलटण कुठली ते तर राहूच दे. फार वाईट वाटलं.

दिल्लीत २०१९ ला राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं, स्वातंत्र्यानंतर गेलेल्या २५ हजारांहून जास्त जवानांची नावं तिथं ग्रॅनाइटवर कोरलीत. चांगलंच झालं. पण खेड्यातली म्हातारी आई दिल्लीला कधी जाणार? तिच्या पोराचं नाव तिच्या गावात पाहिजे, येता-जाता दिसेल असं. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीनं तर गावाच्या नावातच सैनिक लावून घेतलंय, आपण निदान एक बोर्ड तरी लावू.

आणि नुसतं कारगिल नको. तिथं ५०० च्या वर जवान गेले, त्यांना मान हवाच, पण १९७१ च्या युद्धात आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला आपली जंगी पलटण, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, लढली त्याचं काय? १९८७ ते १९९० श्रीलंकेत शांतिसेनेचे हजाराच्या वर जवान गेले, त्यांच्या घरच्यांकडं तर कुठल्याच दिवशी कुणी जात नाही. २०१६ ला सियाचीनमध्ये शेजारच्या धारवाड जिल्ह्यातले लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवस बर्फाखाली राहून जिवंत निघाले, तेव्हा अख्खा देश त्यांच्यासाठी प्रार्थना करत होता, शेवटी दवाखान्यात त्यांनी प्राण सोडला. समोर शत्रू नव्हता, बर्फ होतं. म्हणून ते बलिदान कमी होतं काय?

तर प्रत्येक ग्रामपंचायतीनं माजी सैनिकांना बरोबर घेऊन गावची यादी करावी, नाव, हुद्दा, पलटण, ठिकाण, साल, एवढंच. बोर्ड कुठल्या भाषेत यावरनं आपल्याकडं लगेच वाद होतो, तो इथं तरी नको, कन्नड आणि मराठी दोन्हीत लिहा, पलटणीत दोन्हीकडची पोरं एकत्रच असतात. आणि २६ जुलैला शाळेतल्या एका मुलानं किंवा मुलीनं ती नावं मोठ्यानं वाचावीत, सगळ्यांनी उभं राहावं, पाहुणे आले नसतील तर थांबू नये.

ते दिवस भात लावणीचे असतात, दुपारी ठेवला तर अर्धं गाव शेतात. म्हणून सकाळी आठलाच ठेवा, चिखलात उतरायच्या आधी सगळे येतील.

आपला,
एक वाचक, खानापूर तालुका